दौलतसिंह कोठारी: श्वेत बटूंपासून सदाशिव पेठेपर्यंत

नभांगण (धागाकर्ता)

बी.एड. झालेल्या कुणासमोरही ‘कोठारी’ म्हणा, पुढचा शब्द ‘आयोग’ हाच येतो. १९६४ ते ६६, १०+२+३ (दहा वर्षं शाळा, दोन वर्षं अकरावी-बारावी, तीन वर्षं पदवी), शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के, त्रिभाषा सूत्र. परीक्षेपुरती टीप तयार. त्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे मुळात ताऱ्यांच्या पोटातल्या द्रव्याचा अभ्यास करणारे खगोलभौतिकीचे प्राध्यापक होते, आणि आयोगाच्या आधी तेरा वर्षं संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पुण्यात तर त्यांच्या कामाच्या खुणा खडकीच्या शस्त्रसंस्थांपासून सदाशिव पेठेतल्या स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांपर्यंत पसरलेल्या आहेत. म्हणून त्यांच्यावर नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

जन्म ६ जुलै १९०६, उदयपूर. वडील शाळेचे मुख्याध्यापक, पण ते लवकर गेले. शाळा उदयपूर आणि इंदूरला, मग अलाहाबाद विद्यापीठ. तिथे त्या वेळी मेघनाद साहा शिकवत होते, आणि कोठारींच्या आयुष्याला वळण लागलं ते इथे. १९२८ साली साहांच्या हाताखाली एम.एस्सी. झाले. पुढे केंब्रिजला रदरफर्डच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. राल्फ फाउलर तिथेच होते. श्वेत बटू तारे (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे आकसलेले, दाट गाभे) स्वतःच्या वजनाखाली कोसळत का नाहीत, याचं उत्तर नव्या पुंजभौतिकीतून (क्वांटम भौतिकीतून) याच फाउलरांनी १९२६ साली दिलं होतं. म्हणजे एका बाजूला साहा, दुसऱ्या बाजूला फाउलर. कोठारींचं संशोधन या दोघांच्या मधोमध उभं राहिलं.

साहांच्या १९२० च्या सूत्राने ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचं तापमान काढता येऊ लागलं. उष्णता वाढली की अणूतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि किती सुटतील ते हे सूत्र सांगतं. कोठारींनी पुढचा प्रश्न हाती घेतला. उष्णतेची मदत नाही, नुसता दाब आहे, तर काय होईल? अणू एकमेकांवर इतके चेपले गेले की प्रत्येकाला स्वतःचे इलेक्ट्रॉन धरून ठेवायला जागाच उरत नाही, तेव्हा ते सुटतातच. याला दाबामुळे होणारं आयनीभवन म्हणतात. त्यावरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध १९३८ साली रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष मला आजही थक्क करतो: थंड पदार्थाचा गोळा कितीही मोठा होऊ शकत नाही. त्याच्या आकाराला वरची मर्यादा आहे आणि ती साधारण गुरू ग्रहाएवढी आहे. हे सगळं १९३४ पासून दिल्ली विद्यापीठात शिकवता शिकवता चाललं होतं.

१९४८ मध्ये चित्र पालटलं. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट नेहरूंना संरक्षणाबाबत सल्ला देत होते. सैन्याला स्वतःचे वैज्ञानिक हवेत, ही त्यांच्या सल्ल्यातली मुख्य गोष्ट. संरक्षण मंत्रालयाला पहिला वैज्ञानिक सल्लागार हवा होता आणि निवड कोठारींची झाली. तोफखाना, दारूगोळा, युद्धशास्त्र यांतलं कुठलंही त्यांचं क्षेत्र नव्हतं. जैन कुटुंबातला, गांधीजींना मानणारा, अहिंसेवर मनापासून श्रद्धा असलेला हा माणूस. त्यांनी ते पद १९६१ पर्यंत सांभाळलं. १९५८ मध्ये डीआरडीओ, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संघटना, उभी राहिली तीही त्यांच्याच काळात.

मग १९६१ ते १९७३ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्याच काळात शिक्षण आयोग. आणि १९७४ ते ७६ यूपीएससीने नेमलेली भरतीपद्धतीवरची समिती, जिच्यामुळे पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशी आजची रचना १९७९ पासून आली. १९६२ साली पद्मभूषण, १९७३ साली पद्मविभूषण. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी निधन.

माझं म्हणणं एवढंच आहे. सल्लागार म्हणून कोठारींचं खरं बळ त्यांनी वर्ग न सोडण्यात होतं. संरक्षण सल्लागार असतानाही ते दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक होतेच. मंत्रालयात बसणाऱ्या माणसासमोर रोज विद्यार्थी असतील, तर त्याच्या सल्ल्याला एक वेगळी शिस्त येते. जे नीट समजावून सांगता येत नाही, ते तो सरकारला करायलाही सांगत नाही. इथे शिक्षक, संरक्षण प्रयोगशाळांतले लोक, स्पर्धापरीक्षावाले सगळेच आहेत. आपापल्या बाजूने भर घाला.


वर्गखोली

फार चांगला विषय काढलात. मी कर्वेनगरच्या एका शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. बी.एड.ला आम्ही आयोगाच्या शिफारशी तोंडपाठ केल्या, पण अध्यक्ष कोण होते हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुण्याच्या दृष्टीने यात एक नाव राहिलं, ते जोडते. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत काढलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली, कोथरूडला. अहवालाचा प्रचंड मजकूर बांधून काढण्यात नाईकांचा वाटा किती मोठा होता हे शिक्षणक्षेत्रातले जुने लोक सांगतात. अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ आणि सचिव खेड्यापाड्यांतल्या शाळा आतून पाहिलेला माणूस, ही जोडी जमली म्हणून तो अहवाल असा झाला, असं मला वाटतं.

आणि कामाची पद्धत पाहा. २ ऑक्टोबर १९६४ ला काम सुरू. बारा कृतिदलं, सात कार्यगट, देशभर हिंडून सुमारे नऊ हजार लोकांशी बोलणं, आणि २९ जून १९६६ ला अहवाल हातात. बालवाडीपासून कृषी विद्यापीठांपर्यंत सगळं एकत्र पाहणारा तो पहिला आयोग होता. त्याआधी विद्यापीठांसाठी वेगळा आयोग आणि माध्यमिक शाळांसाठी वेगळा, असं चालायचं. अहवालाची सुरुवातच अशी आहे की भारताचं भवितव्य आज तिच्या वर्गखोल्यांमध्ये घडतं आहे. माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय.

मला सर्वांत जवळची शिफारस मात्र परीक्षेत फारशी विचारली जात नाही. शेजारशाळा. एका वस्तीतली सगळी मुलं, साहेबाची आणि शिपायाची, एकाच शाळेत जातील. हे झालं असतं तर आज आपल्या शहरात शाळेच्या फीवरून मुलांचे जे थर पडलेत ते पडले नसते. ही शिफारस संसदेच्या आणि राज्यांच्या कपाटात राहिली याचं मला फार वाईट वाटतं.


पाषाणकर

धागाकर्ते, खडकीचा उल्लेख केलात पण तपशील दिला नाहीत, तो मी देतो. पाषाणच्या एका प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली.

१९५२ मध्ये खडकीला ‘इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट स्टडीज’ सुरू झाली. तिन्ही दलांतल्या तांत्रिक अधिकाऱ्यांना शस्त्रास्त्रांचं विज्ञान शिकवायचं, हा हेतू. पुढे नाव बदललं, जागा बदलली, आणि आज तीच संस्था खडकवासल्याजवळ गिरीनगरला डायट (डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) म्हणून आहे. आज पाषाणला असलेली एआरडीई, म्हणजे शस्त्रास्त्रांची रचना करणारी प्रयोगशाळा, १९५८ ची. स्फोटकांवर काम करणारी नैनितालची जुनी प्रयोगशाळा १९६० मध्ये पुण्यात आली, तीच आजची एचईएमआरएल. तारखा पाहा, सगळ्या कोठारींच्या कारकिर्दीतल्या.

यात समजून घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी प्रयोगशाळेआधी शाळा काढली. १९५२ मध्ये देशाजवळ शस्त्रांची रचना करणारे लोकच नव्हते. इंग्रजांनी आपल्याकडे कारखाने ठेवले, आराखडे मात्र तिकडूनच यायचे. खडकीच्या फॅक्टरीत दारूगोळा बनत होता, पण तो तसाच का बनवायचा, त्यात बदल केला तर काय होईल, हे ठरवणारं डोकं इथे नव्हतं. अशा वेळी आधी माणसं शिकवावीत हे शिक्षकालाच सुचतं. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा.

दुसरं म्हणजे त्यांनी संरक्षण विज्ञानाचा अर्थ फार रुंद घेतला. तोफगोळ्याचा मार्ग आणि स्फोटकं तर होतीच. पण उंच डोंगरात सैनिकाच्या शरीराला काय होतं, त्याचं अन्न टिकवायचं कसं, भरतीच्या वेळी माणसाची मानसिक चाचणी कशी घ्यायची, हेही सुरुवातीपासून होतं. १९६२ नंतर हिमालयातल्या चौक्या वाढल्या तेव्हा या कामाची किंमत सगळ्यांना कळली.


कोयनाकाठ

लेख आवडला. पण एक प्रश्न मनापासून विचारतो आणि त्याला बगल देऊ नये अशी विनंती. अहिंसेवर श्रद्धा असलेल्या माणसाने शस्त्रास्त्रांच्या प्रयोगशाळा उभ्या करणं, याचा मेळ कसा घालायचा? ‘देशासाठी’ म्हटलं की प्रश्न संपत नाही. वैज्ञानिक सल्लागाराकडे नैतिक भूमिका असायला हवी की फक्त तांत्रिक?

दुसरं, सल्ला देणं वेगळं आणि तो ऐकला जाणं वेगळं. १९६५-६६ मध्ये शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्के होता. आयोगाने तो १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यायला सांगितलं. २०२० च्या धोरणातही तेच ६ टक्के लिहिलेत. पन्नासहून जास्त वर्षं एकच आकडा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जातोय. मग अशा सल्लागाराला यशस्वी म्हणायचं का?


नभांगण

कोयनाकाठ, बगल देणार नाही.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख जपानी मच्छीमारांवर पडली. पुढच्याच महिन्यात नेहरूंनी संसदेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. त्या काळात अणुस्फोटाचे परिणाम नेमके काय होतात, किरणोत्सार किती दूर जातो, पुढच्या पिढ्यांवर काय होतं, याची माहिती मोठ्या देशांच्या गुप्त कपाटांत होती. नेहरूंनी कोठारींना सांगितलं की जे उघड साहित्य आहे त्यावरून अभ्यास करा. १९५६ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक निघालं, नेहरूंची प्रस्तावना घेऊन. सरकारच्या प्रकाशन विभागाने ते काढलं आणि कुणीही विकत घेऊ शकत होतं.

संरक्षण मंत्रालयाचा सल्लागार अणुयुद्धाचे भयंकर परिणाम आकडेमोडीसह जनतेसमोर ठेवतो, ही माझ्या मते मोठी नैतिक कृती आहे. तेही त्या पदावर असताना. अहिंसा आणि पद यांतला ताण त्यांनी असा वापरला. तो पूर्ण मिटला असं मी म्हणणार नाही. पुढे ते आयुष्यभर विज्ञान आणि अहिंसा यांवर लिहीत-बोलत राहिले, याचा अर्थ तो प्रश्न त्यांनी स्वतःही सोडला नव्हता.

सहा टक्क्यांबद्दल: तुमचं दुःख माझंही आहे. पण १०+२+३ झालं, पूर्वपरीक्षा झाली, पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र झालं, रा. ना. दांडेकर त्याचे पहिले संचालक. ती योजना कोठारींच्या अनुदान आयोगाचीच. काही विद्यापीठांतले चांगले विभाग निवडून त्यांना भरघोस मदत द्यायची, अशी ती कल्पना. भौतिकीच्या माणसाने संस्कृतलाही त्यात जागा दिली, याचा मला आनंद वाटतो.


गणिती

गुरूएवढ्याच मर्यादेबद्दल कुणी विचारलं नाही, पण तोच या माणसाच्या विज्ञानाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोधड्यांचा ढीग रचायला घ्या. सुरुवातीला प्रत्येक गोधडीने ढीग उंच होतो. पण खालच्या गोधड्या दबत जातात. ढीग खूप मोठा झाला की अशी वेळ येते, जेव्हा वरची नवी गोधडी जेवढी जाडी वाढवते तेवढीच खालच्या सगळ्या मिळून दबतात. त्यापुढे गोधड्या टाकल्या तरी उंची वाढत नाही. इथपर्यंत चित्र ठीक. थंड ग्रहाच्या बाबतीत गोष्ट याच्याही पुढे जाते.

लहान ग्रहात अणू एकमेकांना टेकून उभे असतात. द्रव्य वाढवलं की आकार वाढतो. वस्तुमान गुरूच्या आसपास पोचलं की गाभ्यातला दाब अणूंची रचनाच मोडतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि सगळ्या गाभ्यात मोकळे फिरू लागतात. आता भार पेलतो तो या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा पुंजभौतिकीय दाब. अशा गोळ्यात आणखी द्रव्य घातलं तर तो आणखी आकसतो. म्हणून श्वेत बटूंमध्ये जो जड तो लहान, असा उलटा हिशेब असतो. चढती बाजू आणि उतरती बाजू जिथे भेटतात तिथे सर्वांत मोठी त्रिज्या, आणि ती गुरूच्या जवळपास येते. सूर्याच्या वस्तुमानाचा श्वेत बटू घेतला तर तो आकाराने पृथ्वीच्या आसपास भरतो.

कोठारींनी हे केलं तेव्हा सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह माहीत नव्हता. आता हजारो सापडलेत. गुरूच्या कितीतरी पट जड असलेले तपकिरी बटूसुद्धा (ग्रह आणि तारा यांच्या मधले गोळे) आकाराने गुरूएवढेच निघतात. काही ग्रह गुरूहून फुगलेले दिसतात, पण ते आपल्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे, तापलेले. कोठारींचा निष्कर्ष थंड गोळ्यांसाठी होता आणि तिथे तो टिकून आहे.

साहा आणि कोठारी यांची तुलनाही करावीशी वाटते. साहांनी १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंच्या मागे लागून राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन करवली, दामोदर खोऱ्यावर लिहिलं, १९५२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत गेले, सरकारच्या अणुधोरणावर तिथे उभं राहून टीका केली. १६ फेब्रुवारी १९५६ ला नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना वाटेतच गेले. गुरूने बाहेरून भांडत सल्ला दिला, शिष्याने आत बसून. देशाला दोघांचीही गरज होती. पण माझं मन साहांकडे झुकतं, हे सांगून टाकतो. आत बसलेल्याला काही गोष्टी बोलता येत नाहीत.


अभ्यासिका_नारायणपेठ

मी यूपीएससीची तयारी करतोय, मराठी माध्यमातून. इथे वाचेपर्यंत मला माहीत नव्हतं की माझ्या उत्तरपत्रिकेची भाषा एका खगोलशास्त्रज्ञाने ठरवली.

हे नीट वाचून काढलं, म्हणून लिहितोय. आधी फक्त निबंध आणि सामान्यज्ञान हे पेपर भारतीय भाषांत लिहिता यायचे. कोठारी समितीने सांगितलं की सगळे पेपर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहू द्यावेत. १९७९ पासून ते सुरू झालं. त्याचबरोबर प्रत्येकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी यांचे पात्रतेपुरते पेपर आवश्यक केले. म्हणजे अधिकाऱ्याला लोकांची भाषाही यायला हवी आणि इंग्रजीही. मला हा विचार फार न्याय्य वाटतो.

मार्च २०१३ मध्ये आयोगाने नव्या अधिसूचनेत भारतीय भाषांच्या वापरावर बंधनं घातली होती. संसदेत आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, इथल्या मोठ्यांना आठवत असेल. काही दिवसांतच ती मागे घेतली. म्हणजे १९७६ चा तो सल्ला लोकांनी आपला मानला होता.

समितीची एक शिफारस मात्र स्वीकारली गेली नाही. निवड झालेल्यांचं मसुरीचं पायाभूत प्रशिक्षण झाल्यावर पुन्हा एक चाचणी घ्यायची आणि मगच कोणती सेवा मिळेल ते ठरवायचं. आमच्या पेठेत या गोष्टीवर दोन गट पडतील! मला ती शिफारस पटते. परीक्षेच्या तयारीत माणूस किती घडला आणि प्रशिक्षणात किती, हे वेगळं कळलं असतं.


वर्गखोली

अभ्यासिका, बाळा, छान लिहिलंस. तुला मनापासून शुभेच्छा.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, कारण अलीकडे त्रिभाषा सूत्राचं नाव घेऊन कोठारी आयोगाला उगाच दोष दिला जातो. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, त्यावर रान उठलं, आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या दिवसांत कितीतरी जण म्हणत होते की हे सगळं कोठारींनी सुरू केलं.

आयोगाने काय म्हटलंय ते बघा. पहिली ते चौथीच्या टप्प्यावर सक्तीची भाषा एकच, मातृभाषा किंवा प्रदेशभाषा. उच्च प्राथमिकला दुसरी. तिसरी भाषा येते ती माध्यमिकच्या खालच्या टप्प्यावर. आणि वरच्या टप्प्यावर पुन्हा दोनच. लहान मुलावर एकदम तीन लिपींचं ओझं टाकू नका, हे त्यांनी १९६६ मध्ये लिहून ठेवलंय. मी पहिलीला शिकवलेलं आहे. आठवड्याच्या आठवडे एका ‘क’वर जातात. तिथे दुसऱ्या भाषेतला ‘क’ आणून ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने शिकवलं त्यालाच कळतं.


जुनी_अकरावी

वर्गखोलीताईंशी सहमत.

मी त्या बदलाच्या ऐन मध्यावर सापडलेला विद्यार्थी. १९७५ च्या मार्चमध्ये जुनी अकरावी एसएससी आणि नवी दहावी एसएससी एकाच वेळी झाली. आम्ही शेवटची जुनी अकरावी. आमच्याहून एक वर्ष धाकटी मुलं आमच्याबरोबरच मॅट्रिक झाली. घराघरांत गोंधळ होता. धाकटी भावंडं ज्युनियर कॉलेजला चालली म्हणून आमच्या आया चिंतेत, की याला कुणी मागे टाकलं का. कॉलेजांत वर्ग कमी पडले, नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं वेळेवर नव्हती. पण पाच-सहा वर्षांत सगळं रुळलं आणि आज दहावी-बारावी हे शब्द नसलेलं पुणे कुणाला आठवतच नाही.

इथे आयोगाचं एक म्हणणं आपल्याकडे उलटं झालं. पुढची दोन वर्षं शाळांकडे जावीत, कॉलेजांवरचा भार कमी व्हावा, असं त्यांना हवं होतं. आपण अकरावी-बारावी बऱ्याच ठिकाणी कॉलेजांनाच जोडली. दुसरं म्हणजे त्या टप्प्यावरच्या निम्म्या मुलांनी व्यवसायाचं शिक्षण घ्यावं असं लक्ष्य होतं. ते झालं नाही. बारावी म्हणजे इंजिनीअरिंग-मेडिकलच्या क्लासची दोन वर्षं होऊन बसली. गवंडीकाम, सुतारकाम, परिचर्या, यंत्रदुरुस्ती यांना प्रतिष्ठा देण्याची एक मोठी संधी होती. ती गेली याची हळहळ मला आयटीआयमध्ये शिकवताना रोज वाटायची.


कोयनाकाठ

नभांगण, १९५६ च्या पुस्तकाचं उत्तर पटलं. नैतिकतेचा प्रश्न माझ्यापुरता सुटला नाही, पण त्या माणसाने तो दडवला नाही हे मान्य.

सल्ल्याबद्दल मात्र माझा मुद्दा कायम आहे, आणि जुनी अकरावी काकांच्या प्रतिसादाने तो पक्काच झाला. सरकारने सल्ल्यातला रचनेचा भाग घेतला, कारण रचना बदलायला एक आदेश पुरतो. पैशाचा आणि समतेचा भाग सोडला, कारण त्याला दरवर्षी तरतूद लागते आणि कुणाची तरी सोय मोडावी लागते. शेजारशाळा, सहा टक्के, व्यवसायशिक्षण हे तिन्ही त्याच खड्ड्यात गेले. सल्लागाराने अहवाल देऊन थांबू नये. पुढची दहा वर्षं त्याने मागे लागायला हवं. इथे गणितींचे साहा मला जास्त पटतात.


नभांगण

कोयनाकाठ, या निरीक्षणाला माझा विरोध नाही. जे. पी. नाईकांनी पुढे हेच केलं. आयोगाच्या शिफारशींचं काय झालं यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि त्यात स्वतःच सचिव असलेल्या अहवालाची परखड तपासणी केली. कोठारींच्या वाट्याला मागे लागणं कमी आलं, कारण १९७३ पर्यंत ते अनुदान आयोगाच्या खुर्चीत होते आणि लगेच पुढची समिती आली. गणिती म्हणतात तसं आत बसण्याची ही किंमत असावी.

तरी वर्ग न सोडण्याचा मुद्दा मी सोडत नाही. अनुदान आयोगाच्या पुढच्या अध्यक्षांतलं यशपाल यांचं उदाहरण घ्या. विश्वकिरणांचे (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचे) अभ्यासक, १९८६ ते ९१ अध्यक्ष. त्यांच्याच काळात, १९८८ मध्ये, नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आपल्या विद्यापीठाच्या आवारात आली. आणि १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यावरचा अहवाल यशपालांचाच. ज्याला मुलांशी बोलायची सवय आहे असा वैज्ञानिक धोरणाच्या जागी बसला की दप्तराचं वजनही त्याला राष्ट्रीय प्रश्न वाटतं. कोठारी आणि यशपाल यांच्यात मला हे साम्य ठळक दिसतं.


पाषाणकर

गणिती, तुमचा प्रतिसाद छापून घेतला. नातू नववीत आहे, त्याला दाखवला. त्याने लगेच विचारलं की मग शनी गुरूपेक्षा इतका हलका असून जवळजवळ तेवढाच मोठा कसा?


गणिती

काका, नातवाला शाबासकी द्या, प्रश्न अगदी नेमका आहे. शनीचं वस्तुमान गुरूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, पण त्रिज्या गुरूच्या सुमारे ८४ टक्के. वक्राची चढती बाजू शिखराजवळ सपाट होत जाते, तेव्हा वस्तुमानात मोठा फरक असूनही आकारात थोडाच पडतो. शनी त्या सपाट होत चाललेल्या भागात आहे. त्याला वस्तुमान आणि त्रिज्येचा आलेख काढायला सांगा: पृथ्वी, नेपच्यून, शनी, गुरू असे चार बिंदू. पृथ्वी खडकाची आणि गुरू-शनी मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे, त्यामुळे एकच गुळगुळीत रेषा येणार नाही, पण कल येईल. मग त्याच कागदावर एखादा श्वेत बटू मांडा, वस्तुमान सूर्याएवढं, त्रिज्या पृथ्वीच्या आसपास. वक्र खाली वळलेला त्याला स्वतःला दिसेल.


वर्गखोली

हा आलेख काढून झाला की त्याचा फोटो इथे टाका. आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात अजूनही माझं जाणंयेणं आहे. बी.एड.च्या दोन मुली सध्या तिथे सरावपाठ घ्यायला येतात आणि त्यांच्या अभ्यासक्रमात कोठारी आयोग आहेच. त्यांना आलेखावरूनच पाठ सुरू करायला सांगते, म्हणजे १०+२+३ च्या आधी अध्यक्षांचं विज्ञान फळ्यावर येईल.